सहा बलवान म्हणजे टीम नव्हे

ओशिआनिया इंटरनॅशनलच्या तारखा जाहीर झाल्या की मेलबर्नमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन यायला लागायचे. पोकेमॉनची ही मोठी स्पर्धा मेलबर्नमध्ये पहिल्यांदा भरली २०१७ साली. त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅनाहाइमला झालेल्या जागतिक स्पर्धेत सॅम पँडेलिस हा ऑस्ट्रेलियन खेळाडू थेट अंतिम फेरीत पोचला आणि दुसरा आला. इथल्या मुलांना हा खेळ परका वाटत नाही, तो यामुळेच. फोनवरचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा, "दादा, सगळ्यात स्ट्राँग सहा कोणते?" मी स्वतः मोठ्यांच्या म्हणजे मास्टर्स गटात खेळतो आणि शनिवारी चार मुलांना घेऊन बसतो. या प्रश्नाचं सरळ उत्तर मी देत नाही. का देत नाही, ते नीट सांगायला हवं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही अशा आईबाबांसाठी थोडक्यात. स्पर्धेतली लढत दोनास दोन अशी असते. तुम्ही सहा पोकेमॉन घेऊन येता, समोरच्याचे सहा बघता आणि आपल्या सहातून चार निवडता. सगळ्यांची पातळी ५० धरली जाते, त्यामुळे घरी कितीही तास खेळून कुणाला १०० पर्यंत नेलं असलं तरी इथे त्याचा फायदा नाही. एकच पोकेमॉन दोनदा चालत नाही आणि एकच वस्तू दोघांच्या हातात देता येत नाही. या शेवटच्या नियमाकडे मुलं फार दुर्लक्ष करतात.

माझा भाचा सीनियर म्हणजे मधल्या वयोगटात खेळतो. २०२४ मध्ये त्याने एक टीम बांधली आणि ती बघून त्याचे मित्र खूश झाले: ड्रॅगोनाइट, चिएन-पाओ, फ्लटर मेन, आयर्न बंडल, ची-यू आणि उर्शिफू. प्रत्येक नाव दमदार आणि प्रत्येकाचा फटका जबरदस्त. बहुतेक सगळे वेगवान. पूर्ण ताकद वेगावर लावली तर फ्लटर मेनचा स्पीड २०५ होतो, आयर्न बंडलचा २०६. कागदावर या टीमपुढे कुणी उभं राहू नये. पण यातले चार अंगाने नाजूक. नाजूक पोकेमॉनला एका फटक्यातून वाचवणारी वस्तू म्हणजे फोकस सॅश, आणि ती एकाच्याच हातात देता येते. ती त्याने चिएन-पाओला दिली. बाकीचे तिघे उघड्यावर राहिले.

आमच्या भागातल्या एका दुकानात स्पर्धा होती. पहिल्या दोन मॅच तो झटपट जिंकला. तिसऱ्या मॅचला समोर एक शांत मुलगी बसली होती. तिने पुढे ठेवले इंडीडी आणि हॅटरीन. भाच्याने ठेवले ड्रॅगोनाइट आणि चिएन-पाओ. ही जोडी तेव्हा सगळीकडे दिसायची, कारण चिएन-पाओ मैदानात असला की इतरांचा बचाव एक चतुर्थांश कमी होतो आणि ड्रॅगोनाइटचा एक्स्ट्रीम स्पीड नावाचा फटका सगळ्यांच्या आधी बसतो.

तो बसलाच नाही. इंडीडी मैदानात आली की सायकिक टेरेन पसरतं, आणि त्यात जमिनीवर उभ्या असलेल्यांना 'आधी बसणारे' फटके लागत नाहीत. एक्स्ट्रीम स्पीड वाया गेला. चिएन-पाओजवळचा सकर पंच त्याच जातीचा, म्हणजे तोही बाद. चिएन-पाओने हॅटरीनवर टाकलेला बर्फाचा फटका इंडीडीने फॉलो मी वापरून स्वतःवर ओढून घेतला. ती पडली, पण तिचं काम झालं होतं. टर्न संपता संपता हॅटरीनने ट्रिक रूम लावली.

ट्रिक रूममध्ये वेगाचा क्रम उलटतो. सगळ्यात मंद तो सगळ्यात आधी. ती पाच टर्न राहते, त्यातली एक लावण्यातच जाते, म्हणून हातात चार टर्न येतात. इंडीडीच्या जागी तिने टॉर्कोल आणला. त्याचा स्पीड २२ पर्यंत खाली नेता येतो. २०५ स्पीडसाठी भाच्याने जे काही खर्च केलं होतं, ते त्या चार टर्नमध्ये त्याच्याच विरुद्ध जात होतं. टॉर्कोल आला की कडक ऊन पडतं, आगीचे फटके वाढतात, आणि त्याचा इरप्शन अंगात पूर्ण जीव असताना १५० ताकदीने समोरच्या दोघांवर एकदम जातो. ड्रॅगोनाइट एरवी आग अर्धीच सोसतो. पण पहिल्याच टर्नला भाच्याने त्याला टेरास्टल करून नॉर्मल प्रकारचा केला होता, त्यामुळे ते संरक्षण गेलं. चिएन-पाओ सॅशमुळे एका पॉइंटवर टिकला. त्याच टर्नला हॅटरीनचा डॅझलिंग ग्लीम दोघांवर आला आणि दोघेही पडले. मागे राहिले फ्लटर मेन आणि उर्शिफू, आणि ट्रिक रूमच्या तीन टर्न अजून बाकी होत्या.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "मामा, माझं लक फारच वाईट होतं."

"अरे, लक कुठे आलं यात? तिचा एकही फटका चुकला नाही, एकही अवचित जोरात बसला नाही. तू तिचे सहाही आधी पाहिले होतेस. फक्त तिच्यासमोर आणायला तुझ्याकडे वेगळे चार नव्हते."

ही गोष्ट त्याला पटायला वेळ लागला. सहातून चार निवडायचे पंधरा प्रकार होतात. त्याच्या टीममध्ये पंधराही प्रकार एकच खेळ खेळत होते: आधी मारा, जोरात मारा. तो खेळ अडला की सहाच्या सहा एकदम अडत. कबड्डीत सातही जण चढाईपटू घेतले तर कोपरा आणि कव्हर कोण सांभाळणार? तसंच हे.

तेव्हापासून मुलांनी टीम दाखवली की मी पहिल्यांदा विचारतो, वेग तुझ्या बाजूने नसेल तेव्हा काय करणार? उत्तर दोन-तीन प्रकारचं असू शकतं. टेलविंडने चार टर्न आपला वेग दुप्पट करता येतो. स्वतःच ट्रिक रूम खेळता येते. समोरच्याची ट्रिक रूम मोडता येते किंवा ती संपेपर्यंत तग धरता येतो. यातलं निदान एक काम करणारं कुणीतरी सहात हवंच, आणि ते काम त्याच्याकडून खरोखर होतं का, हे तपासलेलं हवं. भाच्याने आधी टाँट आणायचं ठरवलं, म्हणजे हॅटरीनला ट्रिक रूम लावताच येणार नाही. पण हॅटरीनला मॅजिक बाउन्स असतो, टाँट उलटून आपल्यावर येतो. मग त्याने अमूंगस सुचवला, तो स्वतः मंद आणि समोरच्याला झोपवणारा. पण तो गवताचा. टॉर्कोलसमोर उन्हात तो टिकणार किती? नाव प्रसिद्ध आहे म्हणून इलाज लागू पडतोच असं नाही.

शेवटी आयर्न बंडल काढून फॅरिगिराफ आणला. त्याला ट्रिक रूम येते. ट्रिक रूम सुरू असताना कुणी पुन्हा ट्रिक रूम वापरली की ती बंद होते. हॅटरीनने लावली आणि त्याच टर्नला फॅरिगिराफनेही वापरली, तर टर्नच्या शेवटी मैदान जसं होतं तसंच. शिवाय त्याच्या आर्मर टेलमुळे समोरच्यांचे आधी बसणारे फटके आपल्या बाजूला लागत नाहीत. ची-यूच्या जागी इन्सिनरोअर आला. तो आग अर्धी सोसतो, मैदानात येताच समोरच्या दोघांचा शारीरिक हल्ला उतरवतो आणि पार्टिंग शॉट देऊन मागे जाताना दुसऱ्याला सुखरूप आत आणतो. दोघेही वेगवान नाहीत आणि त्यांचा फटकाही आधीच्या दोघांइतका जोरदार नाही. पण आता टीममध्ये दोन वेगळे खेळ आले, आणि समोरच्याला पहिल्या टर्नला अंदाज बांधणं अवघड झालं.

आधार देणाऱ्याचं मोल मुलांना पटवायचं तर मी २०१४ ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी वॉशिंग्टन डीसीमध्ये दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जगज्जेता झाला आणि त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होती, कुणी ढुंकून बघणार नाही अशी एवढीशी विजेची खार. तिची निवड गोड दिसण्यासाठी नव्हती. पार्कच्या टीममध्ये ग्याराडोस होता, आणि ग्याराडोसला वीज चौपट लागते. पाचिरिसूला फॉलो मी येतं आणि तिचा गुण व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब. ग्याराडोसवर टाकलेली वीज ती स्वतःकडे ओढते आणि दुखापत होण्याऐवजी तिचाच जीव भरून येतो. समोरच्याचं सगळ्यात मोठं हत्यार असं निकामी झालं. ती एकटी कुणालाच भारी नव्हती, पार्कच्या बाकीच्या पाच जणांसोबत ती अमूल्य होती. मला या खेळातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

जगज्जेत्यांची टीम जशीच्या तशी उचलायला माझी हरकत नाही. शिकायची ती चांगली वाट आहे. पण त्यांचे पोकेमॉन, मूव्ह आणि वस्तू दिसतात, मेहनतीचे पॉइंट कुठे टाकलेत ते दिसत नाही. एकूण ५१० पॉइंट; हल्ला, बचाव, वेग अशा कुठल्याही एकात जास्तीत जास्त २५२. बहुतेक मुलं डोळे मिटून २५२ हल्ल्यात आणि २५२ वेगात घालतात. मुरलेला खेळाडू कधी थोडे बचावात घालतो, कारण एखाद्या ठराविक पोकेमॉनच्या ठराविक फटक्यातून त्याला जेमतेम वाचायचं असतं. तो फटका कोणता हे समजल्याशिवाय नक्कल अर्धवट राहते. भाच्याला मी सांगितलंय, उचललेल्या टीममधल्या प्रत्येकाबद्दल एक वाक्य लिहायचं: हा नसेल तर मी कुणाशी हरेन? ज्याच्यापुढे वाक्य सुचत नाही, तो एक तर तुला कळलेला नाही किंवा तुला नको आहे.

त्याच वहीत दुसरं पान. हमखास भेटणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या टीमसमोर आपले कोणते चार, आणि त्यातले पुढचे दोन कोण. ट्रिक रूमवाले, पावसावर खेळणारे, टेलविंडवाले, ड्रॅगोनाइट-चिएन-पाओवाले. पान भरलं की एखादं नाव कुठेच आलेलं नाही असं दिसतं, तेव्हा ते बदलायचं. आणि एखादं नाव प्रत्येक ओळीत आलं तर तोही धोक्याचा इशारा, कारण तो एक पडला की टीमच बसते. प्रकारांचा तक्ताही इथेच मांडून बघावा. एकाच प्रकारच्या फटक्याला तिघांहून जास्त कच्चे असतील, आणि तो फटका दोघांवर एकदम जाणारा असेल, तर टीम कितीही आवडती असो, मोडावी.

सरावाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाची अडचण वेगळी आहे. मोठ्या स्पर्धा ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न, पर्थ अशा दूरदूरच्या शहरांत विखुरलेल्या. पर्थचं घर मेलबर्नला यायचं म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर प्रवास, विमानाची तिकिटं, हॉटेल. एवढा खर्च करून पहिल्यांदाच खेळलेली टीम घेऊन जाऊ नये. दुकानातल्या छोट्या स्पर्धा त्यासाठीच असतात. फक्त एक सांभाळा: दुकानात तेच ते दहा-बारा जण भेटतात आणि टीम नकळत त्यांनाच हरवण्यासाठी घडत जाते. म्हणून ऑनलाइनही खेळावं. आपल्याकडे एक सोय आहे, जपान मेलबर्नच्या फक्त एक तास मागे, उन्हाळ्यात दोन तास. इथली संध्याकाळ ती त्यांचीही संध्याकाळ, त्यामुळे शाळा-गृहपाठ उरकून बसलेल्या मुलाला जपानी खेळाडू सहज भेटतात आणि ते फार शिकवून जातात.

आईबाबांना कळकळीची विनंती. मुलगा म्हणाला की कुणीतरी ऑनलाइन 'परफेक्ट' पोकेमॉन फुकट देतंय, तर तो घेऊन स्पर्धेला जाऊ देऊ नका. प्रोग्रॅम वापरून बनवलेले पोकेमॉन तपासणीत पकडले जातात. २०२३ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत याच कारणाने काही खेळाडू बाद झाले, तेही वर्षभर मेहनत करून तिथवर पोचल्यावर. लहान मुलाला ते बाहेर पडणं हरण्यापेक्षा जास्त लागतं. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये खेळातल्या व्हिटॅमिननी आणि मिंटनी एक पोकेमॉन थोड्या वेळात तयार होतो. पैसे लागतात ते खेळातलेच.

हरल्यावर एकदम चार बदल करू नयेत. एक बदल, मग पुरेसे खेळ, मग पुढचा; नाहीतर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कळतच नाही. आणि आदल्या रात्री नोंदणीची यादी आणि मशीनमधली टीम ओळीने ताडून पाहावी: नाव, वस्तू, गुण, चारही मूव्ह, टेराचा प्रकार. मुलाने वाचावं, मोठ्याने तपासावं. काही शंका राहिली तर सकाळी लवकर जाऊन जजला विचारावं, कारण पहिली मॅच सुरू झाली की यादी बदलता येत नाही.