फोन आला, पण पदरात काय पडले?

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात आज कांदे-बटाटे विकणाऱ्यापासून चपला दुरुस्त करणाऱ्यापर्यंत बहुतेकांच्या खिशात मोबाईल आहे. गाड्यांवर पैसे भरण्याचे क्यूआर कोडही लटकलेले दिसतात. म्हणजे साधन आले. पण त्यामुळे धंदा करणाऱ्याच्या पदरात पूर्वीपेक्षा जास्त पडते काय? या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ जवळजवळ चाळीस वर्षे वाद घालीत आले आहेत, आणि त्या वादातून आमच्या कारागीर व व्यापारी बंधूंनी घेण्यासारखे बरेच आहे.

प्रथम उत्पादकता म्हणजे काय ते पाहू. समजा, एक शिंपी दिवसाचे बारा तास धंद्याला देतो. त्यातले आठ तास मशीनवर जातात आणि चार शर्ट होतात. बाकीचे चार तास कापड आणणे, काज-बटणाला देणे, गिऱ्हाइकाकडे चकरा मारणे यात संपतात. फोनने त्यातले दोन तास वाचवले आणि ते मशीनवर लागले, तर त्याच बारा तासांत पाच शर्ट होतील. उत्पादकता पाव हिश्श्याने वाढली. मात्र हातात काम चारच शर्टांचे असेल तर ते दोन तास रिकामे गेले, आणि रिचार्जचा खर्च वरून. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत जो फोन शिंप्याला सोन्यासारखा वाटतो, तोच एरवी नुसता खर्च ठरू शकतो.

मोठ्या देशांचेही असेच झाले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये तक्रार केली होती की, संगणक सगळीकडे दिसतो, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. तेथे १९७३ ते १९९५ या काळात उत्पादकता वर्षाला सुमारे दीड टक्क्याने वाढत होती. १९९५ नंतरची काही वर्षे हा वेग जवळपास दुप्पट झाला. त्यात मोठा वाटा घाऊक व किरकोळ व्यापाराचा होता, कारण दुकानदारांनी मालाची मागणी, साठा व वाहतूक यांची सगळी पद्धतच बदलली. त्याच काळात पश्चिम युरोपातील मोठ्या देशांनीही संगणक घेतले, पण तेथे असा वेग आला नाही. विजेचीही गोष्ट हीच. कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून तेथे विजेची मोटार बसवली तेव्हा फारसे काही घडले नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार लावून कारखान्याची मांडणी बदलली, तेव्हा म्हणजे १९२० च्या दशकात, उत्पादन खरे वाढले.

आता आपल्या देशाकडे येऊ. केरळच्या किनाऱ्यावर १४ जानेवारी १९९७ रोजी बडागरा येथे अकरा मच्छिमारांना गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे मासळी समुद्रात फेकावी लागली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस खरेदीदार मासळीविना परतण्याच्या बेतात होते. पुढे १९९७ ते २००१ दरम्यान कासरगोड, कण्णूर व कोळिकोड जिल्ह्यांत मोबाईल सेवा आली. मच्छिमार समुद्रातूनच भाव विचारून बोट कोणत्या किनाऱ्याला लावायची ते ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासानुसार मच्छिमारांचा नफा सुमारे आठ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्के स्वस्त पडली आणि माल फेकणे जवळजवळ थांबले. विकणारा व घेणारा दोघांचाही फायदा, असे व्यापारात क्वचित घडते.

हीच गोष्ट महाराष्ट्रात घडली का? रॉयटर्सने २००७ मध्ये शेतकऱ्यांसाठी बाजारभाव व हवामान कळवणारी मोबाईल संदेशसेवा सुरू केली. पुढे फाफशां व मिंटेन या दोन संशोधकांनी महाराष्ट्रातील १०० गावांत काही शेतकऱ्यांना ही सेवा वर्षभर मोफत देऊन पाहिली. त्यांना मिळालेल्या भावात लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य प्रदेशात मात्र आयटीसी कंपनीने २००० पासून गावोगावी ई-चौपाल उभारले, तेव्हा सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्के वाढला. आमच्या मते फरक असा की तेथे भाव सांगणारा स्वतः माल घ्यायलाही उभा होता. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नुसती बातमी मिळाली. ज्याच्याकडून उचल घेतली त्या अडत्यालाच माल घालायचा असेल, तर दुसऱ्या बाजाराचा भाव कळून काय उपयोग? मच्छिमाराने मात्र बोटीचे तोंड वळवले.

हे आमच्या कारागिरांना तंतोतंत लागू पडते. हिमरू विणणारा, जरीकाम करणारा किंवा नगावर शिवणारा जर पेशगीने एकाच व्यापाऱ्याशी बांधलेला असेल, तर मुंबईचा भाव फोनवर पाहून त्याला दुःखच जास्त होईल. आधी पेशगी फिटली पाहिजे, निदान थोडा माल स्वतःच्या नावाने विकण्याची मोकळीक मिळाली पाहिजे. हिमरूची आणखी एक अडचण आहे. फोटोत हातमागाचा माल आणि यंत्राचा माल सारखाच दिसतो, आणि मग गिऱ्हाईक स्वस्त तेच उचलते. म्हणून नुसता शालीचा फोटो न पाठवता माग चालतानाचे चित्रीकरण पाठवावे, किती दिवस लागले ते सांगावे. (गंमत अशी की जाकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर नक्षी काढण्यासाठी जी भोकांची पुठ्ठे वापरली, त्याच कल्पनेवर पुढे मोजणीची यंत्रे चालली. संगणक हा एका अर्थी विणकरांच्या घरातलाच.)

क्यूआर कोडबद्दल थोडे. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून सुट्ट्या पैशांची कटकट कमी झाली, आणि विक्रीची नोंद आपोआप राहते. बँकेकडे कर्ज मागताना ही नोंद उपयोगी पडते. पण ती कर खात्यालाही दिसते. २०२५ मध्ये कर्नाटकात अनेक लहान दुकानदारांना याच आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यामुळे घरखर्चाचे, नातेवाइकांचे आणि दुकानाचे पैसे एकाच खात्यात घेऊ नयेत. धंद्याचे खाते वेगळे काढावे, आणि खरेदीच्या पावत्या महिन्यानुसार लावून ठेवाव्यात.