मुलाचे ऐकून घेणे

चौथीतील एखादा मुलगा एकाएकी गृहपाठ आणीनासा होतो. गुरुजी त्यास जवळ बोलावून चार शब्द सांगतात. मुलगा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी तसाच रिकाम्या हाताने येतो. उपदेश योग्यच असतो. परंतु मुलाचे दुखणे त्यात आलेलेच नसते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनाही हा अनुभव आला होता. १९२८ पासून १२ वर्षे ते रॉचेस्टर येथे अडचणीतील मुलांसाठी काम करीत होते. एका व्रात्य मुलाच्या आईला तिचे चुकले कोठे हे त्यांनी अनेक भेटींत पटवून पाहिले. उपयोग झाला नाही. अखेर प्रयत्न सोडून देण्याचे दोघांनी ठरविले. दारापाशी पोहोचलेली ती आई मागे वळली आणि मोठ्या माणसांनाही येथे साहाय्य मिळते काय, असे तिने विचारले. मग तिने आपल्या संसाराचे दुःख सांगितले. रॉजर्स यांनी ते ऐकून घेतले आणि खरे साहाय्य तेथून सुरू झाले. दुखते कोठे हे दुःखितासच ठाऊक असते, हा धडा त्यांनी घेतला.

१९५७ साली त्यांनी समुपदेशकाच्या वृत्तीविषयी ज्या अटी मांडल्या, त्यांतील तीन शिक्षकास विशेष उपयोगी आहेत :

(१) समानुभूती : मुलाच्या जागी जाऊन त्याची अडचण पाहणे.

(२) बिनशर्त आदर : कृती चुकली तरी मूल आपलेच मानणे.

(३) सच्चेपणा : वरकरणी गोडवा न दाखविणे.

ही वृत्ती वागणुकीत उतरावी. मुलाशी वर्गासमोर न बोलता व्हरांड्यात, त्याच्या शेजारी बसून बोलावे. "असे का केलेस?" याऐवजी "काय झाले?" असे विचारावे. तो थांबला तर आपणही थांबावे. त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून "असेच ना?" म्हणून खात्री करावी. उपाय सुचविण्याची घाई करू नये.

मात्र "कोणालाही सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. कोणाला सांगणार व का, हे मुलास आधी समजावून द्यावे. विश्वासाने बोललेल्या मुलास फसविले गेल्यासारखे वाटले, तर ते पुन्हा तोंड उघडणार नाही.

विचारार्थ प्रश्न : गेल्या आठवड्यात वर्गातील कोणते मूल गप्प होते? त्याच्याशी कोण बोलले, आणि त्याचे कोणी ऐकले?