ट्रॅक्टर उलटतो तो का?

यावल-रावेरकडे केळीच्या दोन ओळींमधून जाणारा लहान ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. मोठा ट्रॅक्टर तेथे शिरत नाही, म्हणून बागेत हा पंधरा-वीस अश्वशक्तीचा, अरुंद ट्रॅक्टर वापरतात. धुळे जिल्ह्यात कपाशीच्या ओळींतही त्याचा उपयोग होतो. मोठ्या भावापुढे तो खेळण्यासारखा दिसतो आणि शेतात त्याचा वेग सायकलहूनही कमी असतो. मग त्याला भ्यायचे कशाला?

एका पावसाळ्यात माझ्या वर्गातील एक विद्यार्थी पायाला प्लास्टर घालून आला. थोरला भाऊ ट्रॅक्टर चालवीत होता आणि हा मडगार्डवर बसला होता. एक चाक बांधावर चढले, ट्रॅक्टर कलला आणि हा खाली फेकला गेला. सुदैवाने तो चाकाखाली आला नाही. तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "पण सर, गाडी तर एकदम हळू चालली होती!"

त्याचे खरे होते. पण ट्रॅक्टर उलटण्यासाठी वेग लागतोच असे नाही. कसे ते पाहू.

एक भरलेली काड्यापेटी घ्या. फळीवर खरकागद चिकटवून तीवर ती पेटी आडवी ठेवा व फळी हळूहळू उचला. बराच वेळ पेटी पडत नाही. आता पेटी उभी करून तोच प्रयोग करा. फळी थोडी उचलताच ती कोलमडते. पेटी तीच, वजन तेच. बदलली ती गुरुत्वमध्याची उंची आणि पायाची रुंदी. गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेली ओळंब्याची रेषा पायाच्या आत आहे तोवर वस्तू उभी राहते. रेषा बाहेर गेली की वस्तू पडते.

आता ट्रॅक्टरकडे या. हिशेबासाठी असे धरू, की मागील दोन चाकांतील अंतर ९० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. रुंदीचा अर्धा भाग ४५. तेव्हा ४५ भागिले ६० म्हणजे ०.७५, आणि ज्या कोनाचा टॅन ०.७५ आहे तो कोन सुमारे ३७ अंश. एवढा उतार शेतात कोठे असतो, असे तुम्ही म्हणाल. थांबा, या हिशेबात एक चूक आहे आणि ती चांगले चांगले चालकही करतात.

ट्रॅक्टरला चाके चार असली तरी तो चार पायांवर उभा नसतो. पुढचा आस मधोमध एका पिनीवर बसवलेला असतो आणि तो तराजूच्या दांडीप्रमाणे वरखाली झुलतो, म्हणजे खड्ड्यातही चारही चाके जमिनीला टेकून राहतात. परंतु त्यामुळे पुढची चाके ट्रॅक्टरला कलण्यापासून अडवीत नाहीत. निदान सुरुवातीला तरी नाहीत. आस अडणीला टेकेपर्यंत बराचसा उशीर झालेला असतो. म्हणून ट्रॅक्टरचा खरा पाया त्रिकोणी आहे: मागची दोन चाके आणि पुढची ती पीन. गुरुत्वमध्य मागील आसापासून एकतृतीयांश अंतरावर धरला, तर तेथे त्रिकोणाची अर्धी रुंदी ४५ नव्हे, फक्त ३० सेंटिमीटर भरते. ३० भागिले ६० म्हणजे ०.५, आणि कोन उरला सुमारे २७ अंश.

यातून बांध वजा करा. १५ सेंटिमीटर उंचीच्या बांधावर एक चाक चढले, की ९० सेंटिमीटर रुंदीचा ट्रॅक्टर जवळजवळ १० अंशांनी कलतो. जमिनीला आधीच थोडा उतार असला आणि दुसरे चाक नांगराच्या तासात गेले, तर शिल्लक फार थोडी राहते. चाक बांधावर धक्क्याने चढले तर तीही संपते. मडगार्डवर एक मुलगा बसलेला असला तर गुरुत्वमध्य वरही सरकतो आणि बाजूलाही. माझ्या विद्यार्थ्याला हे गणित फळ्यावर करून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

वळणावर हाच त्रिकोण पुन्हा समोर येतो. ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर वरील ट्रॅक्टर सपाट जमिनीवरसुद्धा सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाला उलटण्याच्या सीमेवर येतो. वेग दुप्पट केला तर उलटवणारा परिणाम चौपट होतो, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. शेतातून डांबरी रस्त्यावर आल्यावर डाव्या व उजव्या ब्रेकची पायटे एकमेकांना अडकवावीत असे सांगतात, ते याचसाठी. शेतात एकाच चाकाचा ब्रेक दाबून चटकन वळता येते. रस्त्यावर, वेगात तसे केले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

पण सर्वांत घातक उलटणे मागच्या बाजूला होते. आपली काळी माती पावसात फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. (उन्हाळ्यात तीच दगडासारखी टणक होऊन हात जाईल एवढ्या भेगा पाडते!) समजा, मागची चाके चिखलात रुतली. चालक गिअर टाकून क्लच झटकन सोडतो. इंजिन आसाला फिरवू पाहते, पण चाके हलत नाहीत. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. इंजिन आसाला पुढे पिळते तेव्हा आस ट्रॅक्टरच्या धडाला उलट दिशेने पिळतो. आस फिरत नसेल तर धडच आसाभोवती फिरू लागते. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो.

याला वेळ किती लागतो? पाऊण सेकंदाच्या आसपास ट्रॅक्टर अशा कोनात पोहोचतो, की मग क्लच दाबूनही उपयोग नसतो. तुमची चपळाई आता तपासा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तुमची बोटे शून्याच्या खुणेजवळ उघडी ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडील, ती पकडा. बहुधा २० सेंटिमीटरच्या आसपास ती हाती लागेल, म्हणजे तुम्हाला ०.२ सेकंद लागले. हे झाले डोळे लावून तयार बसलेले असताना. बेसावध चालकाला काय घडते आहे हे कळायला आणि पाय क्लचवर न्यायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ सहज लागतो. तोवर पाऊण सेकंद संपलेला असतो.

म्हणून रुतलेला ट्रॅक्टर आधी मागे काढून पाहावा. रुतलेल्या चाकाला लाकडाचा ओंडका साखळीने बांधण्याची युक्ती काही जण करतात. ती तर आसाला कुलूप लावण्यासारखी आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर साखळी खालच्या ओढदांडीलाच अडकवावी. ती आसापेक्षा उंचावर बांधली, तर ओढ स्वतःच ट्रॅक्टरला मागे पाडू लागते. पाटाच्या भरावावर चढायचे असेल, तर रिकामा ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवावा व सरळ उतरवावा, म्हणजे जड बाजू नेहमी चढाकडे राहते. नाल्याच्या काठापासून निदान नाल्याच्या खोलीइतके दूर राहावे. भिजलेली दरड वजनाने आतून सुटते आणि वरून ते दिसत नाही.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती पोलादी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढील वर्षांत तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. चौकट ट्रॅक्टरला उलटू देते, पण चालकासाठी जागा राखते. मात्र तिच्याबरोबर पट्टा बांधावा लागतो. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये, हेही तितकेच खरे.

ट्रॉलीविषयी थोडेसे. ट्रॅक्टरच्या दुप्पट वजनाची, स्वतःचे ब्रेक नसलेली ट्रॉली जोडली, की एकूण वस्तुमान तिप्पट होते आणि थांबवणारे बल तेच राहते. थांबण्याचे अंतर तिप्पट! धुळ्याजवळच्या लळिंग घाटासारख्या उतारावर त्यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते. तेथे न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारा चालक इंजिनाचा ब्रेक गमावतो. मागून रेटणारी ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते.

आणि मागचा फिरता पी. टी. ओ. शाफ्ट. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. व्यास सुमारे ३.५ सेंटिमीटर, म्हणून परीघ ११. उपरण्याचे किंवा पदराचे टोक त्यात सापडले तर एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळले जाते. त्यावरचे आवरण काढून ठेवलेले दिसले तर घरच्यांना जरूर सांगा.

ट्रॅक्टर चालवण्याच्या परवान्याला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात, तेव्हा तुमच्यापैकी कोणी चालवू नये. मोजायला मात्र हरकत नाही. घरी ट्रॅक्टर असेल तर तो सपाट जागी, इंजिन बंद करून, किल्ली वडिलांच्या खिशात असताना मोजा: मागील दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर. त्याची दोनतृतीयांश घ्या, मग अर्धे करा. गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर धरून कोन काढा. नंतर शेतातील सर्वांत उंच बांधाची उंची मोजून तो कोन किती उरतो ते पाहा आणि कागद वडिलांना दाखवा.