चंपाषष्ठीपासून मागे मोजा : वांग्याचं रोप कधी टाकायचं, कधी लावायचं



ग्रामसंघाच्या बैठकीत तीन-चार गटांकडून एकच प्रश्न आला : "ताई, वांगी लावायची आहेत, रोप कधी टाकू?" बैठकीत मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि पुढच्या विषयाकडे वळले. घरी आल्यावर वाटलं, हे बरोबर नाही झालं. कारण याच प्रश्नात मागच्या वर्षी मी स्वतः चुकले होते आणि त्या चुकीचे पैसे माझ्या खिशातून नाही, चार तायांच्या खिशातून गेले.

झालं असं. एका गटातल्या चौघींनी गटाकडून अंतर्गत कर्ज घेऊन प्रत्येकी दहा गुंठे वांगी करायचं ठरवलं. त्या ऑगस्टमध्येच बियाणं आणायला निघाल्या होत्या. मीच म्हटलं, "थांबा, आधी प्रशिक्षण होऊ द्या." प्रशिक्षण व्हायला सप्टेंबरची अखेर उजाडली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलं, तेही दाट, फोकून. निम्मं रोप आठ दिवसांत आडवं झालं. पुन्हा टाकलं. २६ नोव्हेंबरला चंपाषष्ठी होती, त्या दिवशी आमची रोपं अजून वाफ्यातच उभी होती. लावणी झाली आणि लगेच थंडी पडली. धुळ्याची थंडी तुम्हाला सांगायला नको. महिनाभर झाडं जागची हलली नाहीत. तोड सुरू झाली तेव्हा होळी आली होती, विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. कर्जाचे हप्ते चौघींनी कांदा लावायच्या मजुरीतून भरले. एकीनेही हप्ता चुकवला नाही, पण ते वांग्याचे पैसे नव्हते.

त्यांच्यातल्या एकीची सासू मला म्हणाली, "पोरी, वांगं चंपासष्टीले पायजे. शिमगाले कोन खास?" मी एमएसडब्ल्यू केलंय, शेती मी तुमच्याकडूनच शिकतेय. तरी त्या एका वाक्याने मला जे कळलं ते कोणत्याच प्रशिक्षणात कळलं नव्हतं. पेरणीची तारीख पेरणीपासून ठरवायची नसते, विक्रीच्या दिवसापासून मागे मोजत यायचं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत आषाढी एकादशीपासून चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा ताटात येतं. तिथून पुढे संक्रांत होईपर्यंत खानदेशात भरताचा मोसम. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे आपल्या मालाला मागणी कधी असते ते पंचांगातच लिहिलेलं आहे.

फक्त ती तारीख दरवर्षी सरकते. २०२३ मध्ये चंपाषष्ठी १८ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये ७ डिसेंबरला, २०२५ मध्ये २६ नोव्हेंबरला. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेला, म्हणून ती पुन्हा पुढे गेलीय, डिसेंबरच्या मध्यावर. आता कॅलेंडर समोर घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. रोप शेतात लावल्यापासून पहिली तोड यायला १० ते १२ आठवडे लागतात. १५ डिसेंबरपासून १२ आठवडे मागे गेलात की सप्टेंबरची साधारण २० तारीख येते. ही लावणीची शेवटची तारीख धरा. वाफ्यात रोप तयार व्हायला ५ ते ६ आठवडे. सहा आठवडे आणखी मागे गेलात की ऑगस्टची साधारण ९ तारीख. वाफ्याची माती करायला, शेणखत मिसळायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातल्या गटाच्या बैठकीत हा विषय निघायलाच हवा. पहिल्या तोडीला माल थोडाच निघतो, दुसऱ्या-तिसऱ्या तोडीपासून वजन भरतं. त्यामुळे आठ दिवस आधी टाकलंत तर अजून बरं.

विद्यापीठाच्या शिफारशीत तीन वेळा सांगितल्या आहेत. खरिपासाठी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बी टाकून जुलै-ऑगस्टमध्ये लावणी. हिवाळ्यासाठी सप्टेंबरअखेर बी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावणी. उन्हाळ्यासाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बी आणि फेब्रुवारीत लावणी. या वेळा चूक नाहीत. ज्यांनी जूनमध्ये रोप टाकलं त्यांची लावणी आता होईल, त्यांनी ती थांबवू नये. वांग्याची तोड दर चार-पाच दिवसांनी दोन-तीन महिने चालते, त्यामुळे झाडं सांभाळली तर त्यांनाही डिसेंबर मिळेल. पण ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही, त्यांनी सप्टेंबरअखेरची वाट बघू नका, एवढंच माझं म्हणणं. थंडी येण्याआधी झाड कमरेला लागलं पाहिजे. लहान रोप थंडीत सापडलं की ते बसून राहतं.

ऑगस्टमध्ये रोप टाकायचं म्हणजे पावसात टाकायचं. इथे तालुक्याचे दोन भाग वेगळे वागतात. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगराकडे पाऊस जास्त, तिथल्या तायांनी वाफा वीतभर उंच करावा, वर बांबूच्या कमानी करून प्लास्टिकचा कागद टाकायची सोय ठेवावी. साक्रीच्या पूर्वेला पाऊस दडी मारतो, तिथे वाफा विहिरीजवळ, झारीने पाणी घालता येईल असा घ्या. सावलीत मात्र कुणीच घेऊ नका. सावलीतलं रोप उंच दिसतं, पण सुतळीसारखं असतं.

वाफा तीन मीटर लांब, एक मीटर रुंद. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. दोन घमेली शेणखत, पण चांगलं कुजलेलं, हातात घेतलं तर चहापत्तीसारखं मोकळं. ताजं शेण घातलंत तर मर रोगाला आमंत्रण. ज्या जागी मागच्या दोन-तीन वर्षांत वांगी, टमाटे, मिरची किंवा बटाटा होता ती जागा टाळा, चौघांचे रोग एकच.

बी किती? दहा गुंठ्यांत ९० बाय ७५ सेंटिमीटरवर साधारण १५०० झाडं बसतात. सुधारित वाणाचं बी दहा गुंठ्यांना ४० ते ५० ग्रॅम सांगतात, संकरित असेल तर १२ ते १५ ग्रॅम पुरतं. वाणाचं म्हणाल तर भरतासाठी फुले हरित, भाजीसाठी मंजरी गोटा, वैशाली, प्रगती, संकरितमध्ये कृष्णा. पण आधी तुमच्या बाजारात हिरवं जास्त खपतं की जांभळं, काटेरी, ते भाजीवाल्या मावशीला विचारा आणि मग बी घ्या. घरचं बी धरायचं असेल तर ते देशी किंवा सुधारित वाणाचंच धरा. संकरित वांग्याचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी एकसारखं येत नाही.

आता मागच्या वर्षीची दुसरी चूक. आम्ही बी फोकून टाकलं. रोप इतकं दाट उगवलं की बघून आनंद झाला, मी फोटोसुद्धा काढला. चार दिवसांनी एका कोपऱ्यातली रोपं माना टाकून पडली, मग गोल चट्टा, मग शेजारचा चट्टा. उपटून बघितलं तर देठ जमिनीला टेकतो तिथेच मऊ, पाण्यासारखा झालेला. यालाच रोप कोलमडणं किंवा मर म्हणतात. बुरशी मातीतच असते. दाट रोप, ओली माती आणि कोंडलेली हवा मिळाली की ती उठते. आम्ही काय केलं? रोप सुकतंय असं समजून अजून पाणी घातलं! पडलेलं रोप बघून झारी उचलू नका. आधी देठ बघा. देठ कुजलेला असेल तर पाणी थांबवा, वरचं झाकण काढा, चट्ट्यातली रोपं मातीसकट उचलून लांब टाका.

म्हणून बी ओळीतच टाका. वाफ्याच्या रुंदीच्या बाजूने बोटाने रेघा ओढा, दोन रेघांत १० सेंटिमीटर अंतर. रेघेत बी दोन-दोन सेंटिमीटरवर, एक सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. अशा एका वाफ्यात ३० ओळी बसतात, एका ओळीत ५० बिया. हिशेब करा, एका वाफ्यात १५०० बिया. सगळ्या उगवत नाहीत, काही मरतात, म्हणून दहा गुंठ्यांना दोन वाफे करा. टाकण्याआधी बी गुळाच्या पाण्याच्या दोन थेंबांनी ओलसर करून त्याला चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर चोळा आणि अर्धा तास सावलीत सुकवा. मग बारीक शेणखताने झाका, वर वाळलेलं गवत. आठवड्याभरात कोंब दिसले की गवत संध्याकाळी काढा, दुपारी नको. आणि पेरल्याची तारीख पाटीवर लिहून वाफ्यात खोचा. "पंधरा-वीस दिवस झाले असतील" हा अंदाज नेहमी आठ दिवसांनी चुकतो.

वाफ्याभोवती बारीक जाळी किंवा जुनी सुती साडी लावा. तुडतुडे रोपावर बसले की बोकड्या आणतात, पानं बारीक होऊन त्यांचा गुच्छ होतो आणि त्या झाडाला कधीच फळ लागत नाही. शेतात गेल्यावर त्याला औषध नाही, झाड उपटावंच लागतं.

रोप विकत घ्यायचं असेल तर? घ्या, त्यात कमीपणा नाही. रोप एक रुपयाला मिळालं तरी १५०० रोपांचे १५०० रुपये होतात, ते कर्जाच्या अर्जात आधीच धरा. घेताना ट्रेमधून एक रोप काढून बघा : मुळं पांढरी हवीत, देठ पेन्सिलीच्या शिसापेक्षा जाड हवा, पान आकसलेलं नको. कळी आलेलं रोप तर फुकट दिलं तरी घेऊ नका. ते म्हातारं झालंय, शेतात नवं मूळ धरत नाही.

लावणीला रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच आणि पाच-सहा पानांचं असावं. लावणीच्या आधीच्या आठवड्यात पाणी कमी करत जा, रोप काटक होतं. उपटायच्या आदल्या संध्याकाळी मात्र वाफा चांगला भिजवा. पश्चिमेकडच्या ताया नागलीचं आणि भाताचं रोप वर्षानुवर्षं लावतायत, त्यांना रोप उपटायला मी काय शिकवणार. पण एक फरक लक्षात ठेवा. नागलीच्या रोपासारखी याची मुळं झटकून जुड्या बांधू नका. वांग्याचं रोप खुरप्याने मातीसकट उचला आणि ओल्या गोणपाटात ठेवा.

लावणी चार वाजल्यानंतर किंवा ढगाळ दिवशी. सरीच्या बगलेत, वाफ्यात जेवढं खोल होतं तेवढंच किंवा बोटभर खोल. भारी जमिनीत झाडं पसरतात, तिथे अंतर वाढवा, हलक्या जमिनीत ७५ बाय ७५ पुरतं. लगेच हलकं पाणी द्या, तीन-चार दिवसांनी आंबवणी. खतांचं आणि फवारणीचं या लेखात सांगत नाही, त्यासाठी माती परीक्षणाचा कागद घेऊन कृषी सखीला किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. शेंडा सुकलेला दिसला की तेवढा मात्र लगेच खुडून जाळा, आत शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते. खुडून बांधावर टाकलात तर ती तिथून परत येते.

वाफ्यातली उरलेली रोपं लगेच उपटू नका. आठ-दहा दिवसांत काही झाडं मरतात, तिथे तीच रोपं लावायची, म्हणजे नांगी भरून निघते. त्यानंतरही उरली तर गटातल्या प्रत्येकीला परसबागेसाठी पाच-पाच द्या. ज्या चौघींबद्दल वर लिहिलंय त्यांनी यंदा वाफे एकत्र घ्यायचं ठरवलंय, एकीच्या विहिरीवर आठ वाफे, आणि पाणी घालायची पाळी वारांप्रमाणे लावलीय. बी ३ ऑगस्टला पडणार आहे. बघायला यायचं असेल तर ग्रामसंघात नाव द्या, मी त्या दिवशी तिथेच आहे.