जुनी मोटार घेताना : पाण्याच्या खुणा ओळखा

मंडणगडातील एखाद्या घराच्या फाटकाची लोखंडी कडी पाहा. मे महिन्यात रंगवलेली ही कडी दिवाळीपर्यंत पुन्हा तांबूस दिसू लागते. मंडणगड तालुक्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उत्तरेस सावित्रीची खाडी आणि पश्चिमेस बाणकोट-वेळासचा समुद्र असल्याने हवा दमट व खारी असते. जे कडीचे होते, तेच मोटारीचेही होते. म्हणून आपल्याकडे जुनी मोटार विकत घेताना, किंवा घरची गाडी देऊन दुसरी बदलून घेताना, ‘गाडी किती किलोमीटर चालली?’ या प्रश्नाइतकाच ‘हिच्यात पाणी कोठे शिरले?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. विकणाऱ्याला विचाराच, पण उत्तर गाडीतच शोधा.

गंज कसा चढतो?

लोखंड गंजण्यास पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन त्यांना घेतात. म्हणजे पत्र्यावर एक छोटासा विद्युत्‌घटच तयार होतो. पाण्यात मीठ असले की त्यातून वीज सहज वाहते व गंजण्याचा वेग वाढतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग फुगून फोड येतात.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून लांबी भरून वर रंग मारला, तर हे दिसत नाही. अशा वेळी चुंबक उपयोगी पडते. पातळ फडक्यात गुंडाळलेले चुंबक दाराच्या खालच्या भागावरून फिरवा. लांबीच्या जाड थरावर त्याची पकड सैल होते. दुसऱ्या बाजूच्या दारावर त्याच जागी ते लावून तुलना करा. बंपर बहुधा प्लॅस्टिकचे असतात, तेथे चुंबक चिकटणारच नाही. दारापेक्षाही गाडीचा तळ महत्त्वाचा. चाके जेथे जोडलेली असतात त्या भागात खोल गंज किंवा वेल्डिंगची ठिगळे दिसली, तर ती गाडी नको.

पुरातून आलेली गाडी

२२ जुलै २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला आणि अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. पण विजेच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा पुढे अनेक महिने त्रास देतो. हे जोड हिरवट पडतात, आणि मग दिवे किंवा इंजिन केव्हा बंद पडेल याचा नेम राहत नाही.

खुणा शोधायच्या त्या धुणाऱ्याचा हात न पोचलेल्या जागी. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा; त्याच्या टोकाकडे चिखलाचा डाग आहे काय? गालिचा उचलून वास घ्या. सीटखालचे स्क्रू विजेरीने पाहा. पूर्वी विम्याचा मोठा दावा झाला होता काय, हेही विचारा.

ब्रेकमधील पाणी

चौथे पाणी डोळ्यांना दिसतच नाही. ब्रेकच्या तेलाला हवेतील ओलावा शोषण्याची सवय असते. डॉट ३ या प्रकारचे नवे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. म्हाप्रळच्या बाजूचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबले की ते तापतात आणि ओलसर तेलात वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही! म्हणून जुनी गाडी घेतल्यावर हे तेल आधी बदलून घ्यावे. घेण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले, तर गळती आहे असे समजावे.

आणखी चार गोष्टी

१. इंजिन थंड असताना सुरू करण्यास सांगा. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळते आहे. काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही. पावसाळी सकाळी थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर थंड करणारे पाणी आत शिरत असावे.

२. किलोमीटरचा आकडा फिरवता येतो. आकडा लहान आणि पेडलचे रबर गुळगुळीत असेल, तर रबरावर विश्वास ठेवा.

३. टायरच्या कडेवर चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी.

४. चासी व इंजिनवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, हेही पाहा. गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी अर्ज करणे कायद्याने आवश्यक आहे.

शेवटी गाडी ओळखीच्या मिस्त्रीला दाखवावी आणि परवानाधारक मोठ्या माणसाने ती चालवून पाहावी.

करून पाहा : तीन स्वच्छ खिळे घ्या. एक कोरड्या, बूच लावलेल्या बाटलीत, दुसरा साध्या पाण्यात आणि तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवा. आठवडाभर रोज निरीक्षणे लिहा. कोणता खिळा आधी गंजला? मग सांगा : समुद्रकाठी उभी राहिलेली गाडी आणि घाटावर कोरड्या हवेत वापरलेली गाडी एकाच वयाच्या असल्या, तरी त्यांची किंमत सारखी असावी काय?