पहिली दहा मिनिटं मस्त, मग गेम अडकतो : यवतमाळच्या उन्हात लॅपटॉप सर्व्हिसचा धंदा

लॅपटॉप रिपेअरिंगच्या व्हिडिओत तापमानाचा भाग जरा घाईत उरकला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊनच बसा, कारण यात आकडे आहेत आणि पैसा त्या आकड्यांतच आहे.

एप्रिलमध्ये यवतमाळच्या एका नवीन दुकानदाराचा मला फोन आला. दुकान टाकून चारच महिने झाले होते. त्याच्याकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक गिऱ्हाईक आला होता, हातात गेमिंग लॅपटॉप. गेम तर अडकतच होता, पण खरं दुखणं वेगळं होतं. भर लग्नसराईत रेंडरला दुप्पट वेळ लागत होता. आधी एका ठिकाणी त्याला सांगितलं होतं, "ग्राफिक्स चिप गेली, मदरबोर्ड बदला." आपल्या पोराने रात्री दुकानात कूलर लावून अर्धा तास गेम चालवून पाहिला. काहीच प्रॉब्लेम नाही! विंडोज अपडेट केलं, तीनशे रुपये घेतले, लॅपटॉप परत दिला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पुन्हा दारात. "भाऊ, तुमच्या दुकानात चालते, माह्या घरी काऊन अटकते?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तरही त्यातच होतं.

लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही. खोलीत जी हवा आहे तीच आत ओढतो आणि चिपची उष्णता तिच्यावर लादून बाहेर फेकतो. त्यामुळे एकच काम, तेवढीच वीज आणि तेवढाच पंखा असेल तर चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास तेवढाच राहतो. दुकानात रात्री २७ अंश आणि चिप ७६ अंश, म्हणजे फरक ४९. आता हाच लॅपटॉप दुपारी दोन वाजता टिनाखालच्या खोलीत ठेवा, जिथे ४० अंश आहे. ४० अधिक ४९, झाले ८९!

लॅपटॉपमधल्या बहुतेक ग्राफिक्स चिपची मर्यादा मॉडेलप्रमाणे ८५ ते ९० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचली की चिप जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. वेग कमी झाला की थोडी थंड होते, पुन्हा जोर लावते, पुन्हा तापते. या वर-खालीमुळे गेम झटके देतो. म्हणजे चिप मेलेली नसते, उलट ती स्वतःला वाचवत असते. आणि हे न मोजता मदरबोर्डचा खर्च सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाला लुबाडणं, मग ते अज्ञानातून का असेना.

तर गिऱ्हाईक आला की पहिला प्रश्न विचारा : सुरुवातीपासून अडकते की दहा-पंधरा मिनिटांनी? सुरुवातीपासून असेल तर रॅम, जुनी हार्ड डिस्क, ड्रायव्हर किंवा मागे चालणारे प्रोग्रॅम बघा. फक्त ऑनलाइन खेळतानाच अडकत असेल तर आधी इंटरनेट तपासा. चार्जर ओरिजिनल आहे का, तेही पाहा. कमी वॅटचा चार्जर लावला किंवा नुसत्या बॅटरीवर खेळलं तरी वेग पडतो, आणि तिथे उष्णतेचा काही संबंध नसतो. पण थोड्या वेळाने अडकतो, पंखा विमानासारखा ओरडतो आणि पाच मिनिटं थांबलं की पुन्हा नीट चालतो असं असेल, तर संशय उष्णतेवर.

संशय आहे म्हणून लगेच स्क्रू खोलू नका. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या सेन्सर पानावर तापमान, क्लॉक आणि वेग कशामुळे रोखला गेला याचं कारण दिसतं. गेम किंवा रेंडर वीस मिनिटं चालवा आणि आकडे लिहून घ्या. तापमान मर्यादेला टेकलंय, त्याच क्षणी क्लॉक खाली आलंय आणि कारणात 'थर्मल' दिसतंय, असं तिन्ही जुळलं तरच निदान पक्कं. शेजारी साधा डिजिटल थर्मामीटर ठेवून खोलीचं तापमानही लिहा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

आता आपल्या जिल्ह्याची खासियत. आपण कापसाच्या मुलखात राहतो. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की बारीक तंतू हवेत उडतात. ते पंख्यातून आत जातात आणि पंखा व तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये अडकून बसतात. धूळ फुंकरीने उडते, तंतूंचा मात्र नमद्यासारखा थर होतो. थ्रेशरवर चाललेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळी भुशाने भरली की इंजिन तापतं ना, अगदी तसंच. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, तिकडे काळ्या बारीक पुडीची तयारी ठेवा. बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारला तर थर आणखी आत दाबला जातो. मागचं झाकण काढावंच लागतं.

झाकण काढल्यावर पहिलं काम, बॅटरीची वायर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि आधी गिऱ्हाइकाला फोन करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं प्लॅस्टिकच्या काडीने अडवून धरा, नाहीतर वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. थर चिमट्याने काढा. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या नंबरच्या उलट क्रमाने सैल करा. जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली असेल, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले तर तेवढ्याच जाडीचे पॅड लावायचे. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड लावला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही आणि आधीपेक्षा जास्त तापतं! आणि पाऱ्यासारखं चकाकणारं काही दिसलं तर ते लिक्विड मेटल. त्यातून वीज वाहते. एक थेंब बाजूला गेला तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. नवीन असाल तर झाकण लावा आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगा, "दादा, हे काम मी अजून करत नाही."

वॉरंटीतला लॅपटॉप उघडूच नका, कंपनीच्या सेंटरचा पत्ता द्या. त्या दिवशी शंभर रुपयेही मिळणार नाहीत, चालेल.

त्या पोराने लॅपटॉप परत घेतला, नमदा काढला, पेस्ट बदलली आणि या वेळी भर दुपारी कूलर बंद करून टेस्ट केली. खोली ३९, चिप ७८. फरक ४९ वरून ३९ वर आला. पावतीवर आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून दिले. आधीचे तीनशे त्याने या बिलातून वजा केले, मला ते आवडलं.

आता हिशोब करू. समजा तुम्ही ८०० रुपये घेता, माल १०० चा लागतो आणि टेस्ट धरून दोन तास जातात. दहा कामांत २० तास आणि ७,००० रुपये सुटले, म्हणजे तासाला ३५०. त्यातली तीन परत आली तर सहा तास आणि ३०० रुपये वाढतात, मग तासाला जेमतेम २५८ पडतात. वर नाव खराब होतं ते वेगळं. दुपारची वीस मिनिटांची टेस्ट इतकी महाग असते, म्हणजे न केली तर!

या कामाला सीझन आहे. हिवाळाभर तंतू साचतात, पण थंडीमुळे कळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की सगळे एकदम धावत येतात. म्हणून व्हॉट्सअॅप स्टेटस मार्चमध्येच लावा, आणि गेम खेळणाऱ्या पोरांआधी फोटो-व्हिडिओ स्टुडिओवाल्यांना गाठा. त्यांचा लॅपटॉप बंद पडला तर ऑर्डर अडकते, त्यामुळे ते भाव करत बसत नाहीत. गिऱ्हाइकाला घरी पाळायच्या दोन-तीन गोष्टीही फुकट सांगा : गादीवर ठेवू नको, मागची बाजू इंचभर उचल, गेमची फ्रेम ६० वर बांध. कूलर लावून खोली थंड कर, पण लॅपटॉप त्याच्या तोंडासमोर नको, पाण्याचे तुषार आत जातात.

भांडवलाबद्दल बरेच जण विचारतात. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पण माझं मत विचाराल तर या कामासाठी लगेच कर्ज नको. चांगला स्क्रूड्रायव्हर सेट, ब्लोअर, पेस्ट, दोन-तीन जाडीचे पॅड आणि थर्मामीटर एवढ्यावर सुरुवात होते.

आजचा गृहपाठ : स्वतःचा किंवा मित्राचा लॅपटॉप घ्या. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला तोच गेम वीस-वीस मिनिटं चालवा. खोली, चिप आणि फरक असे तीन रकाने भरा. दोन्ही वेळचा फरक सारखा आला की नाही ते तपासा, आणि दुपारी तो कमी दिसला तर क्लॉक किती पडलं तेही शेजारी लिहा.