किल्ली ज्याची त्याला : संगणकावरील अधिकारांची वाटणी

कापडाच्या धंद्यात एक जुना दस्तूर आहे. तिजोरीची किल्ली मालकाजवळ, गोदामाची गोदामवाल्याजवळ आणि शटरची सकाळी लवकर येणाऱ्या नोकराजवळ. गोदामवाला कितीही इमानदार असला तरी तिजोरीची किल्ली त्याला कोणी देत नाही. यात आपला अपमान झाला असे त्यालाही वाटत नाही. त्याचे काम तागे मोजून घेणे आणि मोजून देणे. त्या कामाला तिजोरी लागत नाही. हिशोब एवढाच.

पण आम्ही व्यापारी संगणकावर आलो की हा दस्तूर विसरतो. पेढीचे एकच नाव, एकच पासवर्ड आणि तोही गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलेला. मालक, मुनीम, मालकाचा मुलगा, महिन्यातून दोनदा येणारा अकाउंटंट आणि सॉफ्टवेअर बसवून गेलेला पोरगा, सर्व एकाच किल्लीने आत शिरतात. कारागीर बंधूंचेही असेच. जॉबवर्कचा हिशोब मोबाईलवर, आणि मोबाईल घरातल्या सर्वांच्या हातात. म्हणून आज संगणकावरील इख्तियार कोणाला किती द्यावा, याचा धडा आम्ही येथे मांडत आहोत.

मूळ उसूल

अमेरिकेतील जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणक अभ्यासकांनी १९७५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. संगणकातील माहितीची राखण कशी करावी याचे काही उसूल त्यांनी त्यात सांगितले. त्यातला एक असा की, प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला त्याचे काम पुरे होण्यापुरताच अधिकार असावा, जास्त नाही. दुसरा असा की, मुळात कुलूप बंद असावे आणि परवानगी दिली तरच उघडावे. तिसरा असा की, मोठ्या कामाला दोन किल्ल्या लागाव्यात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असाव्यात. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणजे उसूल नवा नाही, जागा तेवढी नवी आहे.

क्लाउड आणि आपोआप चालणारे काम

क्लाउड म्हणजे आपली वही आपल्या दुकानात नसून दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर असते, आणि आपण ती इंटरनेटने कोठूनही उघडतो. ऑटोमेशन म्हणजे काम आपोआप होणे. ऑर्डर आली की बिल तयार, माल साठ्यातून वजा, ग्राहकाला निरोप रवाना. मध्ये कोणाचा हात लागत नाही.

येथे एक नवी गोष्ट समोर येते. हे काम करणारा नोकर माणूस नाही, प्रोग्राम आहे. त्यालाही आत जाण्यासाठी किल्ली द्यावी लागते. हा नोकर रात्री झोपत नाही आणि मालकाला विचारत नाही. मुनीम चुकला तर एका बिलात चुकतो. प्रोग्रामला चुकीचा हुकूम मिळाला तर तो हजार बिलांत तीच चूक पाच मिनिटांत करून मोकळा होतो. म्हणून माणसापेक्षा प्रोग्रामचा इख्तियार अधिक जपून ठरवावा लागतो.

या सॉफ्टवेअरमध्ये भूमिका म्हणजे रोल ठरवतात. आधी हुद्दा बनवायचा, त्या हुद्द्याला काय करता येईल ते लिहायचे आणि मग माणसाला त्या हुद्द्यावर बसवायचे. माणूस बदलला तरी हुद्दा तोच राहतो.

एक खरे उदाहरण पाहू. पुष्कळ संगणकांना एकदम हुकूम देण्याचे अ‍ॅन्सिबल नावाचे सॉफ्टवेअर आहे. २०१५ साली रेड हॅट कंपनीने ते विकत घेतले. त्याच्या नियंत्रण पाटीवर एका कामाबद्दल वेगवेगळे इख्तियार देता येतात. कोणाला काम फक्त पाहता येते. कोणाला ते चालवता येते, पण त्यात बदल करता येत नाही. कोणाला सर्व काही करता येते. तपासनिसाचा हुद्दा वेगळा, त्याला सर्व दिसते पण हात कशालाच लावता येत नाही. विशेष म्हणजे पासवर्ड त्यात ठेवून तो वापरण्याची परवानगी देता येते, पण वापरणाऱ्याला तो पासवर्ड दिसत नाही. किल्ली फिरते, पण हाती पडत नाही.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्येही सुरुवात नकारानेच होते. नव्या माणसाला काहीच करता येत नाही, एकेक परवानगी द्यावी लागते. परवानगी आणि मनाई यांची टक्कर झाली तर मनाई वरचढ ठरते. आणि मालकाचे जे मूळ खाते असते, ते रोजच्या कामाला वापरू नका, असे ही कंपनी स्वतःच सांगते.

तीन दाखले

पहिला दाखला संगणकाचा नाही, पण धडा तोच. इंग्लंडची बेअरिंग्ज बँक १७६२ साली सुरू झालेली. तिच्या सिंगापूर शाखेत निक लीसन हा सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशोब जुळवणारे खातेही त्याच्याच ताब्यात होते. तोटा तो लपवत गेला. १९९५ साली तो उघडकीस आला तेव्हा ८० कोटी पौंडांच्या वर गेला होता. बँक बुडाली आणि नेदरलँड्सच्या आयएनजी कंपनीने ती नाममात्र एका पौंडाला घेतली. सौदा करणारा आणि हिशोब तपासणारा एकच असला की असे होते.

दुसरा दाखला कोड स्पेसेस या कंपनीचा. प्रोग्रामरांचे काम सांभाळून ठेवणे हा तिचा धंदा. जून २०१४ मध्ये एका परक्याने तिच्या अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण पाटीत प्रवेश मिळवला आणि पैसे मागितले. कंपनी पासवर्ड बदलू लागली, तर त्याने आधीच आपल्यासाठी आणखी प्रवेश तयार करून ठेवले होते. त्याने माल पुसायला सुरुवात केली. राखीव प्रतीही त्याच पाटीखाली होत्या, त्याही बहुतेक गेल्या. कंपनीला धंदा बंद करावा लागला. गोदाम आणि राखीव गोदाम एकाच किल्लीने उघडत असेल तर राखीव कसले?

तिसरा दाखला अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेचा. २०१९ साली तिच्या क्लाउडमधून अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. दारावर पहारा देणाऱ्या एका प्रोग्रामच्या भूमिकेला आतील साठे पाहण्याचा आणि वाचण्याचाही इख्तियार होता. शिरणाऱ्याने पहारेकऱ्यालाच फसवले आणि त्याच्या किल्लीने आतली कोठारे उघडली. पुढल्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. पहारेकऱ्याला कोठाराची किल्ली कशाला हवी, हा प्रश्न कोणी आधी विचारला असता तर नुकसान दारावरच थांबले असते.

आपल्या पेढीत वाटणी कशी करावी

भिवंडी किंवा मालेगावची सहा माणसांची पेढी धरू. बिल करणाऱ्याला बिल बनवता यावे, पण झालेले बिल पुसता येऊ नये. गोदामवाल्याला आवक-जावक नोंदवता यावी, पण भाव दिसू नयेत. फिरतीवरील सेल्समनला साठा पाहता यावा आणि ऑर्डर टाकता यावी, पण फक्त त्याच्या ग्राहकांची. अकाउंटंटला सर्व पाहता यावे, बदलता काही येऊ नये. बँकेचे पैसे पाठवताना तयार करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असावा. आणि ग्राहकाला निरोप पाठवणाऱ्या प्रोग्रामला नाव, नंबर आणि बिलाची रक्कम पुरे, खातेवही त्याच्या हाती देऊ नये.

हे काम सरकारी ई-वे बिलाच्या पोर्टलवर आजही करता येते, आणि त्याला पैसा लागत नाही. २०१८ पासून माल पाठवताना आपण ते वापरतो. त्यात मुख्य खातेदाराला आपल्या माणसांसाठी उपखाती काढता येतात. बिल तयार करणे, नाकारणे, गाडीचा नंबर बदलणे, यांपैकी कोणते काम कोणाला द्यायचे ते निवडता येते. माणूस सोडून गेला की त्याचे उपखाते गोठवता येते. २०२५ पासून तेथे पासवर्डबरोबर दुसरी पडताळणीही सक्तीची झाली आहे. तेव्हा एकच पासवर्ड सर्वांना वाटून देण्यापेक्षा उपखाती काढणे सोयीचेही आहे.

“आमचा माणूस विश्वासू आहे”

ही तक्रार नेहमी ऐकू येते. वीस वर्षांच्या मुनीमावर संशय घ्यायचा का? आमचे म्हणणे उलट आहे. एकाच पासवर्डने पाच जण काम करतात आणि एके दिवशी तीन लाखांचे बिल गायब होते. आता कोणी पुसले? संगणक एकच नाव सांगतो, पेढीचे. मग संशय पाचही जणांवर, आणि त्यातही सर्वात गरीब असेल त्याच्यावर आधी. त्याने काही केले नाही हे तो कशाने सिद्ध करणार? ज्याच्या हाती पुसण्याचा इख्तियारच नव्हता, त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. वाटणी नोकराच्या इज्जतीची ढाल आहे. नोकराची इज्जत गेली की पेढीचा एतबारही जातो. तो बाजारात उधार मिळत नाही.

एवढे करा

१. पेढीतील सर्व माणसांची आणि सर्व प्रोग्रामांची यादी कागदावर लिहा.
२. प्रत्येकापुढे त्याचे रोजचे काम लिहा. जे लिहिले नाही ते त्याला देऊ नका. अडले तर तो मागेल, तेव्हा द्या.
३. प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. मालकाचे मूळ खाते तिजोरीसारखे बंद ठेवा.
४. तात्पुरत्या कामाची किल्ली तात्पुरती द्या. सॉफ्टवेअरवाला काम करून गेला की त्याच दिवशी परत घ्या.
५. राखीव प्रतीचे खाते आणि पासवर्ड अगदी निराळे ठेवा.
६. दर तीन महिन्यांनी यादी काढून बसा. जो इख्तियार वापरला गेला नाही तो काढून घ्या. सोडून गेलेल्या माणसाचे नाव यादीत दिसता कामा नये.
७. मालकानेही रोजचे काम साध्या खात्यानेच करावे. त्याची चूक सर्वात महाग पडते.

यादी करायला एक दुपार पुरते, ती शुक्रवारी दुकान अर्धे बंद असते तेव्हा काढावी. कागद, पेन आणि पेढीतील सर्व माणसे समोर घेऊन बसावे. कोणाला कोणती किल्ली मिळाली आणि का, हे सर्वांदेखत सांगावे, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहणार नाही.